नाशिकला मोठं स्टेडियम हवं, पण कर्जाला जामीन कोण?

गोदाकाठ

मंडळी, नमस्कार.

२०२५ च्या जानेवारीत गोल्फ क्लबवर (हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान) महाराष्ट्र-बडोदा रणजी सामना झाला, तेव्हा मुलाला घेऊन दोन दिवस गेलो होतो. थंडीत उन्हाकडे पाठ करून बसायचं, डब्यातली पोळीभाजी खायची आणि अगदी दहा पावलांवर सीमारेषेवर उभा असलेला क्षेत्ररक्षक बघायचा. पोरगं हरखून गेलं. परत येताना त्याने विचारलं, "बाबा, आयपीएल इथे का नाही होत?" म्हटलं, तेवढं मोठं स्टेडियम नाही. "मग बांधत का नाहीत?"

तेव्हापासून हा प्रश्न डोक्यातून जात नाही. नाशिकला आंतरराष्ट्रीय दर्जाचं स्टेडियम व्हावं असं दर निवडणुकीत कुणी ना कुणी म्हणतं आणि ऐकायला छानच वाटतं. पण माझं नाशिकरोडला हार्डवेअरचं दुकान आहे. त्यासाठी कर्ज काढलं तेव्हा बँकेने दोन जामीनदार मागितले होते. मी हप्ता चुकवला असता तर त्या दोघांच्या दारात नोटीस गेली असती. ते सही करायला आले तेव्हा त्यांचे चेहरे मी पाहिले आहेत. शहराने स्टेडियमसाठी कर्ज काढलं तर जामीनदार आपण सगळे, आणि आपली सही कुणी विचारणारही नाही.

म्हणून विचारतो: सार्वजनिक पैशातून मोठं स्टेडियम बांधावं का? बांधलंच तर तोटा कुणाच्या पदरात पडतो? ज्यांना या व्यवहाराची माहिती आहे त्यांनी सविस्तर लिहा.

गोलंदाज_सातपूर

बांधावं! आपल्याकडे ओझरचा विमानतळ आहे, समृद्धी महामार्ग आला, हॉटेलं आहेत, द्राक्षं आणि वाइनसाठी लोक येतातच. एक सामना झाला तर शहरातली एक खोली रिकामी राहणार नाही. रिक्षावाल्यापासून मिसळवाल्यापर्यंत सगळ्यांना धंदा. प्रत्येक गोष्टीत तोटा बघत बसलो तर शहर मोठं कसं होणार?

मखमलाबाद

मिसळवाल्यांची काळजी नको, त्यांच्याकडे रविवारी सामना नसतानाही उभं राहायला जागा नसते :)

गोलंदाज_सातपूर

हे मात्र मान्य!

सिडको_ते_शिकागो

मूळचा सिडकोचा, सोळा वर्षं अमेरिकेत. इथे या विषयावर पुष्कळ पाणी वाहून गेलंय, म्हणून जरा लांब लिहितो.

अमेरिकेत व्यावसायिक संघ खासगी मालकाचा असतो, पण स्टेडियम बऱ्याचदा शहर किंवा काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखी) कर्जरोखे काढून बांधते. विक्रीकर, हॉटेलकर वाढवून ते फेडतात. बांधलं नाही तर संघ दुसऱ्या शहरात नेऊ, अशी मालकाची धमकी असते.

सिनसिनाटीचं बघा. १९९६ मध्ये हॅमिल्टन काउंटीच्या मतदारांनी दोन स्टेडियमसाठी अर्धा टक्का जादा विक्रीकर मान्य केला. घरपट्टीत सवलत मिळेल असं आश्वासन होतं. कराचं उत्पन्न अंदाजाइतकं आलं नाही, हप्ते मात्र ठरल्याप्रमाणे येत राहिले. सवलत कापावी लागली आणि पुढे स्टेडियम निधीची तोंडमिळवणी करायला काउंटीने स्वतःच्या मालकीचं एक रुग्णालय विकलं.

मायामीतलं बेसबॉलचं स्टेडियम २०१२ ला उघडलं. काउंटीचं मुख्य कर्ज ४० कोटी डॉलरच्या आसपास, पण सुरुवातीची वर्षं हप्ते अगदी कमी ठेवले आणि मुद्दल पुढे ढकललं. चाळीस वर्षांत व्याजासकट फेड जाते २४० कोटी डॉलरच्या घरात. मालकाने २०१७ मध्ये संघ सुमारे १२० कोटी डॉलरला विकला. फायदा मालकाचा, हप्ता लोकांचा. ज्या महापौरांच्या काळात करार झाला त्यांना २०११ मध्ये मतदारांनी मुदत संपण्याआधीच मतदान करून पदावरून परत बोलावलं, पण करार परत बोलावता येत नाही.

सिएटलचं किंगडोम स्टेडियम तर २००० साली सुरुंग लावून पाडलं आणि त्याचं कर्ज फिटलं २०१५ ला. पंधरा वर्षं नसलेल्या इमारतीचे हप्ते.

गोदाकाठ, तुमचा जामीनदाराचा शब्द अगदी नेमका आहे. कर्जाची मुदत तीस-चाळीस वर्षं आणि ते काढणाऱ्याची मुदत चार-पाच वर्षं. सगळी गोम तिथे आहे.

द्वारका_सर्कल

वाचतोय. रुमाल टाकून ठेवतो.

गोलंदाज_सातपूर

शिकागोकर, माहिती उत्तम, पण ती अमेरिका. आपल्याकडे संघ पळवून नेण्याचा प्रकारच नाही.

पेठरोड_पिंपळ

आहे की, आणि तोही आपल्या शेजारी, पुण्यात.

आधी थोडा इतिहास. पुण्याचं नेहरू स्टेडियम महापालिकेचं. १९९६ च्या विश्वचषकात केनियाने वेस्ट इंडीजला हरवलं ते इथेच. मी तिथे होतो, शेवटचा गडी बाद झाल्यावर केनियाच्या खेळाडूंबरोबर अख्खं स्टेडियम नाचत होतं. पुढे महापालिका आणि क्रिकेट संघटनेचं जमेना, म्हणून संघटनेने गहुंज्याला स्वतःचं स्टेडियम उभारलं. बँकांचं कर्ज काढलं. सहारा समूहाबरोबर स्टेडियमला त्यांचं नाव द्यायचा करार झाला, त्या पैशातून कर्ज फिटेल असा हिशेब होता. २०१३ मध्ये तो करार मोडला, नाव उतरलं. त्याच वर्षी पुणे वॉरियर्स आयपीएलमधून गेले. २०१६ ला रायझिंग पुणे हा नवा संघ आला आणि दोन हंगामांत संपला. स्टेडियम मात्र तिथेच आणि बँकेचं कर्जही तिथेच. थकबाकीपोटी बँकेने स्टेडियमचा प्रतीकात्मक ताबा घेण्यापर्यंत वेळ आली.

तिथे निदान कर्ज संघटनेच्या नावावर होतं. तीच जागा महापालिकेची असती तर?

चांदवडकर

बँक सरकारी असेल तर तिथेही शेवटी आपलेच पैसे.

पेठरोड_पिंपळ

बरोबर, पण फरक आहे. बँकेला वसुलीचा हक्क असतो, तारण असतं. महापालिकेचं कर्ज थकलं तर वसुली होते रस्त्याच्या खड्ड्यातून आणि पाणीपट्टीतून.

लेखाशाखा_निवृत्त

मी उत्तर महाराष्ट्रातल्या एका नगरपालिकेत लेखा विभागात एकतीस वर्षं होतो. नाव लिहीत नाही. गोदाकाठ यांनी कर्जाचा हप्ता विचारला आहे, पण माझ्या अनुभवात हप्त्याहून मोठा खड्डा देखभालीचा असतो.

आमच्याकडे शासनाच्या अनुदानातून बंदिस्त क्रीडागृह आणि शेजारी जलतरण तलाव झाला. उद्घाटनाला तीन मंत्री. बांधकामाचा खर्च भांडवली, तो अनुदानातून आला. वीजबिल, पहारेकरी, जीवरक्षक, गाळणी यंत्राची दुरुस्ती हा सगळा महसुली खर्च, तो पालिकेचा. प्रस्तावाच्या फायलीत या दुसऱ्या भागासाठी एक ओळ होती: "देखभाल स्वउत्पन्नातून भागविण्यात येईल." मी टिप्पणी लिहिली की स्वउत्पन्न किती, ते दाखवावे. फाईल परत आली ती मंजुरी घेऊनच.

दुसऱ्याच वर्षी गाळणी यंत्र बंद पडलं. तलाव रिकामा केला. रिकामा तलाव उन्हात तडकतो, हे तेव्हा कळलं. क्रीडागृहाचं उत्पन्न वाढवायचं म्हणून ते लग्नाच्या स्वागत समारंभांना द्यायला सुरुवात केली. बॅडमिंटनच्या लाकडी जमिनीवर वाढप्यांच्या बादल्या आणि खुर्च्यांचे पाय. तीन हंगामांत फळ्या उचकटल्या. मुलं तिथे खेळायची बंद झाली ती झालीच. माझी टिप्पणी त्या फाईलमध्ये अजून असेल. त्या रिकाम्या तलावाजवळून जाताना आजही मला वाईट वाटतं, कारण मागणी खरी होती, पोहायला येणारी पोरं खरी होती.

तेव्हा कुणी स्टेडियमचा आकडा सांगितला की बांधकामाचा विचारू नका. दहाव्या वर्षीचं वीजबिल कोणत्या लेखाशीर्षातून (अंदाजपत्रकातल्या खात्यातून) जाणार, ते विचारा.

धावणारी_आई

काका, वाचून घशात आवंढा आला.

आपल्या शहरातलंच उदाहरण द्यायचं तर पांडवलेणीच्या पायथ्याचं फाळके स्मारक. शाळेची सहल, संगीत कारंजं, सगळं आठवतंय. नंतर त्याची जी रया गेली ती सगळ्यांनी पाहिली. महापालिकेने बांधलं हौसेने, जपणं जमलं नाही.

गोलंदाज_सातपूर

पण मग काहीच बांधायचं नाही का? बागेला कुणी नफा विचारतं? सिटीलिंक (शहर बससेवा) तोट्यात चालते, ती बंद करा असं इथलं कुणी म्हणणार नाही. मग खेळालाच हा हिशेब का? नाशिकमधून कसले खेळाडू निघाले. कविता राऊत, दत्तू भोकनळ. त्यांना सोयी मिळाल्या असत्या तर आणखी कुठे पोचले असते.

धावणारी_आई

गोलंदाज, तुमच्या पहिल्या वाक्याशी सहमत. खेळावर खर्च व्हायलाच हवा आणि त्यात नफा शोधू नये. माझी मुलगी आठशे मीटर पळते, रोज पहाटे साडेपाचला मी तिच्याबरोबर मैदानावर असते.

पण तुम्ही जी दोन नावं घेतलीत तीच तुमच्या विरोधात साक्ष देतात. कविता राऊत हरसूलकडच्या सावरपाड्याची. डोंगराच्या वाटांवर पळून तयार झाली आणि २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये पदक आणलं. तिला चाळीस हजार खुर्च्यांचा काय उपयोग होता? तिला हवा होता ट्रॅक, प्रशिक्षक, बूट, खुराक आणि राहायला जागा. दत्तू तळेगाव रोहीचा, दुष्काळी गाव, विहिरी खणण्याचं काम केलेला मुलगा. त्याला वल्हं भेटलं ते सैन्यात गेल्यावर, पुण्यात. तिथून तो २०१६ ला रिओ ऑलिंपिकला गेला.

प्रेक्षकांनी बसायचं स्टेडियम आणि मुलांनी खेळायचं मैदान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाषणात एकीचं नाव घेतात आणि पैसे दुसरीवर जातात. सिंथेटिक ट्रॅक आठ-दहा वर्षांत नव्याने अंथरावा लागतो, त्याची तरतूद आधी करा म्हटलं की मात्र कुणी ऐकत नाही. माझ्या मुलीच्या गटातल्या बावीस मुलींपैकी पंधरा जणी बसने येतात. सिटीलिंकचा तोटा त्या मुलींना रोज मैदानावर आणतो. वर्षातून दोनदा होणाऱ्या सामन्याचा तोटा कुणाला कुठे नेतो?

मखमलाबाद

+१०० आणि तुमच्या लेकीला खूप शुभेच्छा.

चांदवडकर

दत्तू आमच्या तालुक्याचा, त्याचं नाव निघालं की छाती फुगते. धावणारी_आई यांनी म्हटलं तेच तालुक्याला लागू. तालुका क्रीडा संकुलाचं अनुदान सरकारने २०२२ मध्ये १ कोटीवरून ५ कोटींवर नेलं, चांगलंच केलं. पण लेखाशाखा काकांचा प्रश्न इथेही येतोच: गवत कोण कापणार, पहारेकऱ्याचा पगार कोण देणार?

आणि पाण्याचं कुणी बोललंच नाही अजून. २०१६ चा उन्हाळा आठवा. लातूरला रेल्वेने पाणी जात होतं. खेळपट्ट्यांवर पाणी मारण्यावरून मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला लावले. बरेच सामने गेले. आयपीएलचा मोसम म्हणजे एप्रिल-मे, आणि आमच्याकडे टँकरचा मोसमही तोच. गंगापूर धरणातून जायकवाडीला पाणी सोडायची वेळ आली की इथे काय वातावरण असतं ते सगळ्यांना माहीत आहे. अशा वर्षी मैदानावर फवारे कोण चालू देईल? आणि सामने गेले म्हणून हप्ता थांबणार नाही.

द्वारका_सर्कल

हा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. भारी.

पेठरोड_पिंपळ

आणखी एक छुपा खर्च: बंदोबस्त. २०२३ मध्ये राज्य सरकारने मुंबईतल्या टी-ट्वेंटी सामन्यांचं पोलीस शुल्क ७० लाखांच्या आसपास होतं ते १० लाखांवर आणलं, आणि तेही २०११ पासून मागे जाऊन. उच्च न्यायालयात त्यावर जनहित याचिका झाली. जगातल्या सर्वात श्रीमंत क्रिकेट लीगला ही सवलत, आणि हा खर्च स्टेडियमच्या अंदाजपत्रकात कुठेच दिसत नाही.

गोलंदाज_सातपूर

हे मात्र मला पटत नाही, म्हणजे सवलत पटत नाही. इथे मी तुमच्या बाजूने.

पण एक विचारतो. खासगी भागीदारीतून बांधलं तर? जमीन महापालिकेची, पैसा ठेकेदाराचा. आपल्यावर ओझं नाही.

लेखाशाखा_निवृत्त

तिरुवनंतपुरमचं ग्रीनफिल्ड स्टेडियम तसंच झालं. २०१५ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी, विद्यापीठाच्या जमिनीवर. खासगी कंपनीने बांधायचं, काही वर्षं चालवायचं, सरकारने ठरावीक वार्षिक रक्कम द्यायची, मग हस्तांतर. ती कंपनी आयएल अँड एफएस या पायाभूत सुविधांना कर्ज देणाऱ्या समूहातली. २०१८ मध्ये समूहच कोसळला आणि देखभालीचे हाल सुरू झाले. खासगी भागीदार बुडू शकतो, महापालिका बुडू शकत नाही. म्हणून जोखीम कागदावर कुणाच्याही नावावर असो, शेवटी ती आपल्याच दारात येऊन बसते.

करारात निदान एवढं हवं: भागीदाराची बँक हमी किती, उत्पन्न कमी पडलं तर महापालिका भरपाई देणार का, आणि जमिनीवर मॉल किंवा हॉटेल बांधायचा हक्क दिला असेल तर त्याची किंमत कुणी मोजली. शहराच्या मधली जमीन फुकट नसते. ती दिली की पैसेच दिले.

सिडको_ते_शिकागो

काकांना दंडवत. इथल्या अर्थतज्ज्ञांचा मुद्दा हाच आहे, आणि शिवाय एक: सामन्याला खर्च केलेला पैसा बहुतेक वेळा शहरातलाच असतो. तिकिटाला दोन हजार गेले की त्या महिन्यात तेच कुटुंब हॉटेलात जेवायला जात नाही, सिनेमाला जात नाही. पैसा एका खिशातून दुसऱ्या खिशात. बाहेरगावचा प्रेक्षक हाच नवा पैसा, आणि पुण्या-मुंबईला स्टेडियम असताना तिथून नाशिकला किती येतील?

उलट उदाहरणही देतो, नाहीतर एकतर्फी होईल. १९८४ चं लॉस एंजेलिस ऑलिंपिक २० कोटी डॉलरहून जास्त शिल्लक ठेवून संपलं. कारण १९७६ च्या मॉन्ट्रियलचे हाल सगळ्यांनी पाहिले होते, ते कर्ज फिटायला २००६ उजाडलं. लॉस एंजेलिसने नवीन फार कमी बांधलं, जुनी मैदानं वापरली आणि तोटा झाला तर तो करदात्यांवर येणार नाही हे आधीच ठरवून घेतलं.

मखमलाबाद

यावरून सुचलं. जुनी मैदानं आणि तात्पुरती सोय यात नाशिककरांना कोण शिकवणार? आपण दर बारा वर्षांनी कुंभमेळ्यासाठी तपोवनात साधुग्राम उभं करतो आणि मोडतो. मंडप, पाणी, वीज, शौचालयं, रस्ते, सगळं. लाखो माणसं येतात आणि जातात. कुणी म्हणत नाही की कायमचं काँक्रीटचं शहर बांधून अकरा वर्षं रिकामं ठेवा. लंडनने २०१२ ला बास्केटबॉलचं मैदान असंच उभं केलं आणि नंतर उतरवलं.

गोल्फ क्लबवर सामन्यापुरते पोलादी स्टँड भाड्याने आणावेत. खेळपट्टी, ड्रेसिंग रूम, निचरा, स्वच्छ शौचालयं, एवढंच कायमचं आणि उत्तम करावं.

गोलंदाज_सातपूर

मखमलाबाद, आजच्या दिवसातला पहिला प्रतिसाद ज्यावर मला वाद घालावासा वाटत नाही. पण आयपीएलच्या दर्जाचे दिवे, कॅमेऱ्यांची जागा, सुरक्षा हे तात्पुरत्या स्टँडवर बसणार नाही. म्हणजे मुलाला 'इथे आयपीएल नाही होणार' हेच सांगावं लागेल. मला ते जड जातं. मी स्वतः बारा वर्षांचा असताना मोठा सामना बघायला वडिलांबरोबर रात्रभर एसटीने मुंबईला गेलो होतो. वानखेडेच्या पायऱ्या चढून हिरवं मैदान दिसलं तो क्षण मी विसरलेलो नाही. तो आपल्या गावातल्या पोराला आपल्या गावातच मिळावा, एवढंच म्हणणं आहे.

गोदाकाठ

गोलंदाज, तुमचं म्हणणं माझ्या मनाच्या फार जवळचं आहे. धागा काढताना मीही निम्मा तुमच्याच बाजूला होतो.

सगळं वाचून मी आज माझ्यापुरतं ठरवलंय. कुणी मोठ्या स्टेडियमचा प्रस्ताव आणला तर माझा विरोध खेळाला नसेल, कोऱ्या कागदावर सही करायला असेल. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर तीन वर्षांहून जास्त काळ महापालिकेत नगरसेवकच नव्हते, कोट्यवधींचे निर्णय होत राहिले आणि विचारायचं कुणाला हेच कळत नव्हतं. तसं पुन्हा नको. शहराने कर्ज काढूच नये असंही मी म्हणत नाही. १९९९ मध्ये नाशिकने १०० कोटींचे रोखे काढले ते पाणी आणि मलनिस्सारणासाठी. त्याचा नळ प्रत्येकाच्या घरात येतो, म्हणून त्याला मी आनंदाने जामीन राहीन.

अंदाजपत्रकासाठी सूचना द्यायचं पत्र लिहितोय. त्यात तीन गोष्टी: कोणत्याही क्रीडा प्रकल्पाच्या मंजुरीआधी पंधरा वर्षांचा देखभालीचा खर्च लेखाशीर्षासह जाहीर करावा. उत्पन्न कमी पडल्यास भरपाई कोण करणार ते नावानिशी लिहावं. आणि आधी प्रभागातली मैदानं नीट करावीत. कुणाला काही घालायचं असेल तर सांगा, रविवारपर्यंत थांबतो.

धावणारी_आई

मुलींसाठी कपडे बदलायची खोली आणि कडी लागणारं शौचालय. प्रत्येक मैदानावर. हे चौथं लिहा, आणि माझी सही धरा.

चांदवडकर

मैदानावरचं पाणी कूपनलिकेचं की सांडपाणी शुद्ध करून वापरलेलं, तेही विचारा.

लेखाशाखा_निवृत्त

पहिल्या मुद्द्यात "स्वउत्पन्नातून" हा शब्द चालणार नाही, आकडा हवा, असं स्पष्ट लिहा. मसुदा पाठवलात तर बघून देतो.

गोलंदाज_सातपूर

माझीही सही घ्या. आणि पुढच्या रणजीला मुलाला घेऊन या, मी सातपूरहून माझ्या भाच्याला आणतो. तो डावखुरा आहे, तुमच्याकडे चेंडू असेल तर उपाहाराच्या वेळात बाजूला खेळू देऊ दोघांना.